काजळीचा काळा

माझा नवरा चित्रकार आहे आणि तो चुना मारायच्या कुंच्याने चित्रं काढतो. इस्लामपूरला माहेरी मी हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा माझ्या काकांनी विचारलं होतं, "मग आमची मागची भिंत कधी धरतोय?" त्यांना वाटलं आपण फार मोठा विनोद केला. पुढे प्रत्येक लग्नात तो विनोद मला कुणी ना कुणी नव्याने ऐकवलाच.

अतिशयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याचं काही वाटत नाही. साताऱ्यात आमच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथे तो काम करतो. भिंतीएवढं कॅनव्हास, त्यावर पांढरा थर. तो वाळला की बादलीत काळा रंग कालवायचा, कुंचा बुडवायचा आणि सगळ्या अंगाचा जोर लावून एक फटकारा मारायचा. मग दुसरा, फार तर तिसरा. शेवटी पांढरा घेऊन काळ्याचा एखादा काठ खाऊन टाकायचा. त्यात झाड नाही, माणूस नाही, देवही नाही. बघणारे विचारतात, "हे काय आहे?" तो म्हणतो, "काळा आणि पांढरा." लोकांना वाटतं, काय गर्व आहे! गर्व वगैरे नाही, त्याला त्याहून जास्त खरंच सांगता येत नाही. तरी पुण्याला, दिल्लीला त्याची प्रदर्शनं झाली आणि काकांचा विनोद जरा दमला.

रंग मागवायचं काम माझ्याकडे. तो ज्या काळ्याने रंगवतो त्याच्या डब्यावर 'बोन ब्लॅक' असं छापलेलं असतं. जनावरांची हाडं बंद भट्टीत जाळायची, त्यांची पूड करायची, तो हा काळा. बाजारात काजळीचाही काळा मिळतो. मी एकदा तो आणून दिला होता. त्याने एक फटकारा मारला आणि कुंचा ठेवून दिला. "हा निळसर आहे, थंड आहे," म्हणाला. "तो कोमट असतो." मी म्हटलं, बरं बाबा, कोमट तर कोमट.

आता आम्ही दोघंही जैन. म्हणजे, साताऱ्यात आम्ही कांदा खातो, दिवस मावळल्यावर आरामात जेवतो, आणि सांगलीला जायला निघालो की हायवेवरच्या पेठनाक्यापासून पुन्हा जैन होतो. पेठनाक्याच्या पुढे मी त्याला 'अरे' म्हणायचं सोडून 'अहो' म्हणायला लागते, ते वेगळंच.

सांगलीत, विश्रामबागेत, माझ्या सासूबाई राहतात. चंदनबाला त्यांचं नाव, पण सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते. आक्का पाणी गाळून पितात, उजेड आहे तोवर जेवतात, जमिनीखाली पिकलेलं काही खात नाहीत. पण त्यांचा धर्म कुणाच्या अंगावर येत नाही. मला कधी एका शब्दाने विचारलं नाही की कांदा खातेस का. वास तर येत असणारच.

शेड नवी झाली तेव्हा आक्का साताऱ्याला आल्या होत्या. जिना चढून वर आल्या, त्यांनी बादल्या बघितल्या आणि खाली जाऊन आपला गाळायचा फडका घेऊन आल्या. बादलीतलं पाणी गाळू लागल्या. अतिशय हसला, "आक्का, ते प्यायचं नाही, रंगाचं आहे." त्या म्हणाल्या, "रंगाचं असलं म्हणून त्यातलं जीव मरत न्हाईत व्हय?" पाणी गाळून झालं आणि मग त्यांनी साधंच विचारलं, "काळा कशाचा रं ह्यो?"

मी चहाचा ट्रे घेऊन जिन्यात उभी होते. अतिशयने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काजळीचा गं," म्हणाला.

"म्हंजी डोळ्यात घालायचाच की!" आक्का खूश झाल्या. त्यांनी करंगळी त्या काळ्यात बुडवली आणि त्याच्या कानामागे तीट लावली. "लय नाव हुतंय तुझं. दृष्ट लागंल."

त्या खाली गेल्यावर मी म्हटलं, "शाबास!" तो चिडला. "मग काय सांगायचं होतं? हाडांचा आहे, बोट काढ?" मी म्हटलं, "तुझी आई, तुझं खोटं. तू आणि ती बघून घ्या. मला त्यात ओढू नकोस." आणि ट्रे ठेवून, हात झटकून मी मोकळी झाले.

त्या बादलीतून जे पहिलं चित्र झालं ते आक्कांनी मागून घेतलं. वरून खाली येणारा एकच रुंद फटकारा आणि त्याला आडवा जाणारा दुसरा, मध्येच तुटलेला. अतिशयच्या सगळ्या कामात मला ते एकच मनापासून आवडतं. विश्रामबागेच्या घरात ते बाहेरच्या खोलीत लागलं. आक्का रोज पहाटे त्याच्यासमोर बसून सामायिक करायच्या, म्हणजे तेवढा वेळ मन एका जागी ठेवून बसायच्या. फोनवर अतिशयला म्हणायच्या, "डोळं मिटायच्या आदी त्या काळ्याकडं बघती. मन ठरतंय बघ." दिल्लीच्या एका मोठ्या समीक्षकाने त्याच्यावर पानभर लिहिलं होतं, ते तो कधीच कुणाला दाखवत नाही. पण आक्कांचं हे वाक्य ऐकलं की फोन ठेवून तो शेडमध्ये जाऊन नुसता बसायचा. कौतुकाने बसायचा की लाजेने, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

या वर्षी मुनिसंघाचा चातुर्मास सांगलीत होता. विश्रामबागेत स्वाध्यायासाठी नवा हॉल बांधून झाला होता आणि समितीचे अध्यक्ष बाहुबलीआण्णा, हळदीचे व्यापारी, भिंतीवर लावायला काहीतरी शोधत होते. आक्कांच्या घरी ते चित्र त्यांनी बघितलं. "ह्यात काय हाय?" त्यांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, "काय न्हाई, म्हणून तर बरं हाय. नुसती काजळी हाय." पुढे बायकांच्या सभेत उठून त्यांनी हेच सांगितलं. माझ्या लेकाचा रंग शुद्ध काजळीचा आहे, त्यात हिंसा नाही, हॉलला चालेल. आक्का कधी सभेत उठून बोलत नाहीत. त्या बोलल्या म्हटल्यावर कुणी काही विचारायचा प्रश्नच नव्हता.

हे सगळं आम्हाला फ्लेक्समुळे कळलं. आण्णांनी त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. वर मोठ्या अक्षरात 'अहिंसक कलेचा अनोखा आविष्कार', त्याखाली 'शुद्ध काजळीने साकारलेले भव्य चित्र', एका कोपऱ्यात अतिशय, दुसऱ्या कोपऱ्यात हात जोडलेले आण्णा, आणि मध्ये आक्का, डोक्यावर पदर घेऊन, फोटोला घाबरलेल्या. एरवी मी पोट धरून हसले असते. अतिशयने फोन पालथा घातला आणि पाणी प्यायला निघून गेला.

"आता सांग त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? की ती रोज पहाटे हाडांसमोर बसते?"

"हेच. असंच."

"तू सांग."

"मी का सांगू? मी काय केलंय?"

पुढचे दिवस त्याने एक नवाच उद्योग काढला. समईखाली ताट धरून काजळी जमवली, बाजारातून काजळीच्या काळ्याचे डबेही आणवले, आणि त्याच मापाच्या कॅनव्हासवर तेच चित्र पुन्हा काढायला घेतलं. बेत असा, की जुनं 'दुरुस्तीला' म्हणून काढून आणायचं आणि हे तिथे लावायचं. म्हणजे फ्लेक्स खरा, आक्का खऱ्या, सगळेच खरे. मी दारात उभी राहून बघत होते. एरवी फटकारा मारताना तो मागेपुढे बघत नाही. आता दर वेळी मोबाइलमधला जुना फोटो बघायचा, हात उचलायचा, थांबायचा. आडवा फटकारा जिथे तुटायला हवा तिथे त्याने तो मुद्दाम तोडला. ते मुद्दाम तोडणं शेडच्या या टोकावरून दिसत होतं.

"चोरून केल्यासारखं दिसतंय," मी म्हटलं.

"चोरूनच करतोय," तो म्हणाला. मान वर केली नाही. मला त्याची दया यायला हवी होती, पण राग आला. एवढा भिंतीएवढी चित्रं काढणारा माणूस आणि आईसमोर एक वाक्य बोलता येत नाही. मी त्याला हे रोज ऐकवलं. चहा देताना ऐकवलं, जेवताना ऐकवलं, आणि बोलायचं नसेल तेव्हा नुसती त्याच्याकडे बघत राहिले. माझं ते बघणं त्याला बोलण्यापेक्षा जास्त लागतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

गाडीच्या टपावर नवं कॅनव्हास बांधून आम्ही सांगलीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलचा कार्यक्रम होता. पण आक्कांचं लक्ष तिकडे नव्हतंच. त्यांनी चौका लावला होता, म्हणजे मुनिमहाराजांच्या आहारासाठी घरात वेगळं, शुद्ध स्वयंपाकघर मांडलं होतं. शेजारच्या हरणाबाईंच्या विहिरीचं पाणी, घरी दळलेलं पीठ, धुऊन वाळवलेली भांडी. महाराज दिवसातून एकदाच आहार घेतात, आणि कुणाच्या दारी थांबतील हे कुणालाच सांगता येत नाही. गल्लीतले चौकेवाले सकाळी आपापल्या दारात कलश घेऊन उभे राहतात. आक्का चातुर्मास लागल्यापासून रोज उभ्या राहत होत्या आणि महाराज रोज त्यांच्या दारावरून पुढे जात होते.

"उद्या थांबतील बघ," तांदूळ निवडता निवडता त्या अतिशयला म्हणाल्या. "उद्या तू हाईस न्हवं दारात."

अतिशय चित्रासमोर उभा होता. घसा साफ करून म्हणाला, "आक्का, हे जरा दुरुस्तीला न्यावं म्हणतो. हॉलसाठी दुसरं आणलंय. तसंच आहे."

"दुसरं आणलंयस?" आक्कांचा चेहरा उजळला. "मग लय झाक झालं. ते दे हालला. ह्ये मला द्यायचं जिवावर आलतं, पर सभेत बोलले म्हणून गप हुते. ह्ये ऱ्हाऊ दे माझ्यापाशी."

अतिशयने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं, आठवडे बघत होते तसंच.

तो आक्कांसमोर खाली बसला. "आक्का, तो काळा काजळीचा नाही."

"मग?"

"हाडांचा आहे."

आक्कांची बोटं तांदळात तशीच फिरत होती. त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. मग विचारलं, "कुणाच्या?"

या प्रश्नाची आमची तयारी नव्हती. का केलंस, खोटं का बोललास, याची उत्तरं त्याने गाडीत मनातल्या मनात घोकली असणार. "जनावरांच्या," तो म्हणाला.

"ते कळलं. कंच्या?"

"माहीत नाही, आक्का."

"मेलेल्या, का मारलेल्या?"

"माहीत नाही."

इतकी वर्षं तो त्या रंगात हात बुडवत होता आणि त्याला माहीत नव्हतं. मी मागवत होते आणि मलाही माहीत नव्हतं. आक्कांनी ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. "कीर्ती, तुला ठावं हुतं?"

"व्हय, आक्का," मी म्हटलं. एरवी मी त्यांच्यासारखं बोलत नाही, पण त्या वेळी तसंच तोंडातून गेलं.

"बरं," त्या म्हणाल्या. मी शिव्याशाप ऐकायला तयार होते, रडणं ऐकायला तयार होते. "काढा ते भितीवरनं," एवढंच बोलल्या आणि तांदूळ धुवायला आत गेल्या.

आम्ही दोघांनी चित्र उतरवून गाडीच्या टपावर, नव्या कॅनव्हासवरच बांधलं, वर चादर टाकली. नवं चित्र आत आणायचा विषय कुणी काढला नाही. भिंतीवर मागे एक चौकोन राहिला, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. रात्री आक्का त्याच जागी, त्याच भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी आतल्या खोलीत पडून विचार करत होते की चला, झालं एकदाचं, सुटलो. मला खरंच सुटल्यासारखं वाटत होतं.

सकाळी आम्ही तिघं शुद्ध कपड्यांत दारात उभे राहिलो. अतिशय धोतर-दुपट्ट्यात, हातात नारळ ठेवलेला कलश. आक्का पुढे. गल्लीत दोन्ही बाजूंना आपापल्या दारात माणसं उभी होती. महाराज वळणावर दिसले. एका हातात कमंडलू आणि मोरपिसांची पिंछी, दुसऱ्या हाताची बोटं खांद्यावर टेकवलेली, नजर खाली. दारादारातून आवाज उठले, "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु!" ते एक दार ओलांडून पुढे आले, दुसरं ओलांडलं. आणि आमच्या दारासमोर थांबले.

आक्कांच्या तोंडून हुंदका निघाला. आम्ही तीन प्रदक्षिणा घातल्या. आता त्यांनी ते शब्द म्हणायचे, मागून आम्ही म्हणायचे, आणि महाराज घरात यायचे. मन शुद्ध, वचन शुद्ध, काय शुद्ध, आहार-जल शुद्ध. मन, वाणी, शरीर, अन्नपाणी सगळं शुद्ध आहे, ही ग्वाही. लहानपणापासून ऐकलेलं. मी हे नेहमी पाढे म्हणावेत तसं म्हणत आले.

"मन शुद्ध," आक्का म्हणाल्या.

"मन शुद्ध," आम्ही म्हटलं.

पुढे आवाजच येईना. मला वाटलं, आनंदात पुढचं विसरल्या असतील. अतिशय हळूच म्हणाला, "आक्का, म्हण की." महाराज उभे होते. समोरच्या दारातली माणसं माना लांब करून बघायला लागली.

आक्कांनी हात जोडले, मान खाली घातली. "म्हाराज, वचन शुद्ध न्हाई," त्या म्हणाल्या आणि दारातून एक पाऊल मागे सरल्या.

महाराजांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. राग नव्हता, प्रश्नही नव्हता. ते वळले, पुढच्या दाराकडे चालू लागले. तिथून हरणाबाईंचा आवाज आला, "नमोस्तु, नमोस्तु!" आणि ते तिथे थांबले. आक्का त्या बाजूला तोंड करून, हात जोडून, पूर्ण वेळ उभ्या होत्या. हरणाबाईंच्या घरातून "आहार-जल शुद्ध" इथपर्यंतचं सगळं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

महाराज आहार घेऊन गेल्यावर सगळी गल्ली आमच्या अंगणात आली. बाहुबलीआण्णा सगळ्यांत पुढे. "आक्का, काय हो झालं? असं कवा झालं न्हाई आपल्यात."

"आण्णा, मी सभेत सांगितलं हुतं, काजळी हाय. ती काजळी न्हाई, हाडं हाईत. तुमच्या बोर्डावर माझ्या तोंडचं खोटं लिवलंय. ते आधी काढा." आक्का हे ठाम आवाजात बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"पर तुमाला कुणी सांगितलं असलं भलतंच?"

"बोलले मी हुते. मीच सांगती. बास." त्या घरात गेल्या.

आण्णांनी अतिशयच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली आणला, पण आम्हाला ऐकू येतच होता. "अतिशयराव, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. वय झालंय त्यांचं. एकट्या ऱ्हात्यात, कायतरी डोक्यात घेत्यात. हाडं म्हणं! तुमच्यासारख्याच्या हातनं असलं हुईल व्हय? बोर्ड हाय तसा ऱ्हाऊ दे. दुपारी चित्र लावू."

किती सोपं झालं होतं! म्हातारीला भ्रम झाला म्हणायचं आणि नवं चित्र नेऊन लावायचं. तेही काजळीचंच, म्हणजे उद्या कुणी तपासलं तरी बिनघोर. मी मनात म्हणत होते, बोल रे, बोल मेल्या, आता गप्प बसलास तर मी तुझं तोंड बघणार नाही.

त्याने कलश उंबऱ्यावर ठेवला. "आण्णा, आक्काचं डोकं ठिकाणावर आहे," तो म्हणाला. "ती हाडंच आहेत. तिने मला विचारलं होतं, मी काजळी म्हणून सांगितलं. खोटं मी बोललो. ती नाही."

आण्णांचा हात खांद्यावरून निघाला. तो असा निघाला, की अतिशयने त्या खांद्याकडे बघितलं. आण्णा फोन काढून फाटकाबाहेर गेले आणि फ्लेक्स उतरवायचं कुणाला तरी सांगू लागले. पुरुषमंडळी एकेक करून पांगली. अतिशय तिथेच उभा होता, धोतरात, दुपट्टा घसरलेला. मला त्याचा अभिमान वाटला. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा माझाच जास्त वाटला. आठवडेच्या आठवडे मी त्याच्या मागे लागले होते, म्हणून आज त्याचं तोंड उघडलं, असं माझ्या मनात आलं.

बायका मात्र गेल्या नव्हत्या. त्या आत आल्या, स्वयंपाकघराच्या दाराशी मला घेरून उभ्या राहिल्या. हरणाबाई नुकत्याच महाराजांना आहार देऊन आलेल्या, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता आणि तो दिसू नये म्हणून त्यांची धडपड चालली होती. त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"पोरी, बाप्याचं ऱ्हाऊ दे. बापई गडी बोलत्यात कायबी. पर तू घरातली बाई. रंग तूच मागवतीस न्हवं? तुला तरी ठावं हुतं का गं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. वाईट नजरेने नाही. उलट मी 'नाही' म्हणेन आणि आपण चुकचुकायला मोकळ्या होऊ, अशाच नजरेने.

"नाही बाई," मी म्हटलं. "मला काय ठाऊक! ते सांगतात ते मी मागवते."

हे मी ठरवून म्हटलं नाही. विचारही केला नाही. अतिशयला शेडमध्ये जसं पटकन सुचलं होतं तसंच मलाही सुचलं, त्याच्याहून पटकन. हरणाबाई चुकचुकल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला, "बिचारी" म्हणाल्या. आणि मी मान वर केली तर चुलीपाशी आक्का उभ्या होत्या, हातात भाताचं पातेलं. आदल्या संध्याकाळी याच प्रश्नाला मी त्यांना 'व्हय' म्हटलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पातेलं खाली ठेवलं.

बायका गेल्यावर त्यांनी दोन पाट मांडले. "बसा. म्हाराजांसाठी केलेलं हाय, वाया न्हाई जायाचं."

अतिशय बसला. मी बसले. आक्कांनी भात वाढला, वरण वाढलं, दोघांच्या भातावर तूप सोडलं. माझ्या भातावर थोडं जास्तच सोडलं. अतिशय खात होता. डोळे पुसत खात होता, आणि त्याचा चेहरा कधी नव्हे तो मोकळा दिसत होता.

"आक्का, तू?" त्याने विचारलं.

"माझा उपास हाय."

"आज?"

"आजचा तुझ्या खोट्याचा," त्या म्हणाल्या. "उद्याचा कीर्तीच्या."

तो थांबला. बायकांनी मला विचारलं तेव्हा तो बाहेर अंगणात होता, त्याने काहीच ऐकलं नव्हतं. "कीर्तीच्या? ती कशाला खोटं बोलेल? तीच तर मला रोज सांगत होती."

आक्का ताक आणायला उठल्या. अतिशय माझ्याकडे वळला आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिला. मी खाली मान घालून भात कालवत बसले.